माझ्या लॉगिनला दिसत नाही

२०१७ च्या दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, ऐन नरक चतुर्दशीच्या दिवशी राज्यभर समारंभ झाले. मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पालकमंत्र्यांच्या हस्ते शेतकरी जोडप्यांना कर्जमाफीची प्रमाणपत्रं देण्यात आली. योजनेची घोषणा जूनमध्येच झालेली होती: ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. सगळं ऑनलाइन. घरातला फराळ संपायच्या आत पात्र शेतकऱ्यांची यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसत होते. कुणाच्या नावापुढे भलत्याच बँकेचं नाव होतं, तर एकच बचत खातं अनेकांच्या नावावर चढलेलं होतं.

त्याच आठवड्यात, २४ ऑक्टोबरला, राज्यपालांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात कुलगुरूची अशी हकालपट्टी पहिल्यांदाच होत होती. कारण होतं ऑनलाइन पेपर तपासणी. आणि त्याच तारखेला दिल्लीत आधार प्राधिकरणाने एक परिपत्रक काढलं. अंगठा जुळला नाही, इंटरनेट बंद असलं, तरी रेशन नाकारायचं नाही, कार्ड बघून धान्य द्यायचं आणि वहीत नोंद करायची, असा त्याचा आशय. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात एका लहान मुलीचा मृत्यू झाला होता. आधार जोडलेलं नसल्यामुळे घराचं रेशनकार्ड रद्द झालं आणि ती भुकेने गेली, असा घरच्यांचा आरोप होता. त्यावरून देशभर ओरड चालू होती.

तिन्ही खाती वेगळी, माणसं वेगळी, यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्याही वेगळ्या. तरी त्या आठवड्याकडे आज मागे वळून पाहिलं की तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडलेली दिसते. संगणक चुकला हे काही फार मोठं नाही. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर गट नंबराचा आकडा इकडचा तिकडे झाला आणि दोन पिढ्या कोर्टात गेल्या, अशी घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. चूक झाल्यावर ती दुरुस्त करण्याचा अधिकार समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडे असायचा. कधी तो पैसे मागायचा, कधी हेलपाटे मारायला लावायचा, पण अधिकार त्याच्याकडे होता. २०१७ मध्ये खुर्ची तिथेच राहिली, माणूसही तोच राहिला, फक्त त्याच्या हातातून खोडरबर गेलं.

विद्यापीठाचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते शिकलेल्या माणसांचं आहे. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी करत थेट सिंधुदुर्गापर्यंत. उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक. त्या सगळ्या त्याच वर्षी, एकदम, सर्व शाखांच्या, संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असं ठरलं. एखाद्या लहान विद्याशाखेपुरता आधी प्रयोग करून बघावा, असं सुचवणारी माणसं विद्यापीठात होती. ते झालं नाही. बंगळुरूच्या मेरिटट्रॅक कंपनीला काम मिळालं तेव्हा परीक्षा सुरू होऊन गेल्या होत्या. म्हणजे मुलं पेपर लिहीत होती आणि ते कसे तपासायचे याची व्यवस्था अजून उभी राहायची होती.

पूर्वीची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना कॅपचं वातावरण आठवेल. केंद्रीय तपासणी केंद्रात लांब टेबलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाल पेन, चहा. शेजारीच मॉडरेटर बसलेला. एखादी पुरवणी सुटी झालेली दिसली तर गठ्ठा उलटापालटा करायचा, नाही सापडली तर उठून केंद्रप्रमुखाकडे जायचं. गैरप्रकार त्यातही होते. गुण वाढवून देणारी साखळी अधूनमधून पकडली जायचीच, आणि ऑनलाइन तपासणी आणण्यामागे हे एक प्रामाणिक कारण होतं. नव्या पद्धतीत उत्तरपत्रिकेवर बारकोड, मग स्कॅनिंग, मग सर्व्हरवर चढवणं, मग प्राध्यापकाने लॉगिन करून ती उघडायची. प्रत्यक्षात उत्तरपत्रिका उघडायला वेळ लागे. मध्येच लॉगआउट होई. पुरवणीचं पान मुख्य उत्तरपत्रिकेला जोडलेलं नसे. आपल्या विषयाऐवजी भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका समोर येई. हे सगळं प्राध्यापक उघडपणे सांगत होते, वर्तमानपत्रं छापत होती.

पुरवणी दिसत नाही, आता करायचं काय? गठ्ठा तर समोर नाही. तो कुठल्या तरी गोदामात, स्कॅन होऊन बांधून ठेवलेला. पडद्यावर ‘पुढे’ नावाचं बटण आहे. ‘थांबा, इथे काहीतरी गडबड आहे’ असं सांगून ती उत्तरपत्रिका बाजूला काढून देईल असा माणूस खोलीत नाही. मदतीला बसवलेल्या तंत्रज्ञ मुलांना सॉफ्टवेअर ठाऊक, पण परीक्षा म्हणजे काय ते ठाऊक नाही. प्राध्यापकांना परीक्षा ठाऊक, पण त्यांच्या लॉगिनला गुण भरण्यापलीकडचा अधिकार नाही.

निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावेत असं राज्याचा विद्यापीठ कायदा सांगतो. जुलै उजाडला तरी बहुतेक निकाल लागलेले नव्हते. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी कुलपती म्हणून ३१ जुलै ही मुदत घालून दिली. मग महाविद्यालयांतलं शिकवणं काही दिवस थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं, राज्यातल्या इतर विद्यापीठांतून कुमक मागवली. नागपूरचे प्राध्यापक मुंबईच्या उत्तरपत्रिका तपासू लागले. ऑनलाइनचा हा एक फायदा मात्र खराच. तरीही ३१ जुलैला निम्मेसुद्धा निकाल लागलेले नव्हते. ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे जादा कार्यभार दिला गेला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तारखांवर तारखा पडल्या, वाणिज्य आणि विधीच्या मुलांचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. परदेशातले प्रवेश हातात असलेली मुलं पदवीच्या कागदासाठी विद्यापीठाच्या कालिना संकुलात खेटे घालत राहिली. निकाल लागल्यावर दुसरा अंक सुरू झाला. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत मागितली तर दुसऱ्याच कुणाची उत्तरपत्रिका हातात येऊ लागली. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. त्या मुलांना सरासरी गुण देण्याचा तोडगा निघाला.

त्या वर्षीचा पदवीधर आता नोकरीत आठेक वर्षं काढून बसला असेल. त्याच्या गुणपत्रिकेवरचा एखादा आकडा कुणाचा, हे त्याला कधीच कळणार नाही.

कर्जमाफीत तर अर्ज करणाऱ्यालाच पुरावा आणायला लावलं. नवरा-बायको दोघांनी ‘आपले सरकार’ सेवा केंद्रावर जायचं, आधार दाखवायचं, अंगठे लावायचे, फॉर्म भरायचा. कर्ज कोणी, कधी, किती घेतलं, ते कितीदा थकलं हे बँकेला माहीत होतंच. पण बँकेनेही ६६ रकान्यांचा तक्ता भरून पाठवायचा. मग या दोन बाजू संगणकाने एकमेकींशी जुळवायच्या. गावच्या विकास सोसायटीचा सचिव म्हणजे वर्षानुवर्षं हाताने खतावणी लिहिणारा माणूस. जिल्हा बँकेच्या शाखेत बसून हे ६६ रकाने भरताना ज्याचा आधार क्रमांक मिळाला नाही त्याच्या रकान्यात काय घालायचं, हा प्रश्न पडणारच. रकाना रिकामा ठेवला तर तक्ता पुढे सरकत नाही. काहीतरी भरावं लागतं. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी कसे आले याचं गूढ मला तरी यापलीकडे फारसं वाटत नाही.

पुढे माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रधान सचिवांना बाजूला करण्यात आलं. सोसायटीच्या सचिवाला मात्र गावातल्या पारावर उत्तर द्यावं लागलं, ‘यादीत माझं नाव का नाही?’ त्याच्याकडे उत्तर एकच: वरून आलंय.

गंमत अशी, की त्याच वर्षी त्याच राज्यात, महसूल यंत्रणेने एक काम फार शहाणपणाने केलं आणि त्याची बातमी कुठे पहिल्या पानावर आली नाही. सातबाऱ्याचं संगणकीकरण पूर्ण करताना हाताने लिहिलेला आणि संगणकात गेलेला सातबारा यांत तफावती निघत होत्या. हेक्टर-आरचा दशांश चिन्हाचा घोळ, एखाद्या वारसाचं गळालेलं नाव, ‘इतर हक्कात’ राहून गेलेला बोजा. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं. तलाठ्याने सातबाऱ्याच्या प्रती घेऊन चावडीवर बसायचं, मोठ्याने वाचायचं, ज्याचा त्याने ऐकून चूक सांगायची. अक्षर येत नसलं तरी आपल्या बांधाची लांबी शेतकऱ्याला तोंडपाठ असते. चुका टिपून घेतल्या गेल्या, तलाठ्यांना ‘एडिट’ आणि पुढे ‘री-एडिट’ची सोय दिली गेली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठी भाऊसाहेब मिटिंगला गेलेत, परवा या, हे वाक्य त्यामुळे किती कमी झालं ते खेड्यात राहणाऱ्यालाच कळेल. तलाठी या पदाचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय. गावात अजून कुणी तसं म्हणत नाही.

चावडी वाचनात निसटलेली चूक मात्र आता महाग पडते. ‘एडिट’ची सोय बंद झाली. आता नावातली वेलांटी दुरुस्त करायची तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. अर्ज, जुना हस्तलिखित सातबारा, फेरफाराची नक्कल, मंडल अधिकाऱ्याचा अहवाल. चूक टंकणाऱ्याची, खेटे शेतकऱ्याचे. आणि ज्यांना या कलमाची वाट चांगली माहीत आहे त्यांनी तिचा उपयोग भलत्याच दुरुस्त्या करून घ्यायला केला, अशा तक्रारींच्या चौकश्याही सरकारला लावाव्या लागल्या. म्हणजे दुरुस्तीचा अधिकार माणसाच्या हाती दिला की सगळं गोड होतं, असंही नाही. चावडीवर तो अधिकार चारचौघांसमोर वापरला गेला, तहसील कचेरीत तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला. फरक एवढाच, आणि एवढा मोठा.

तहसील कचेरीजवळच्या कुठल्याही सेतू केंद्रात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तासभर उभं राहा. अकरावीच्या, पदविकेच्या प्रवेशांची धांदल, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल यांची झुंबड. केंद्र चालवणारा पोरगा पंचविशीतला, दोन पडद्यांमध्ये, कानाला फोन. ‘काका, साइट स्लो आहे.’ ‘मावशी, ओटीपी आला का बघा. नाही? मग आधारला दुसरा नंबर असंल.’ दुसरा नंबर कोणता? धाकट्या दिराचा होता, तो आता सुरतेला. ‘सबमिट झालंय, पण पेंडिंग दाखवतंय. साहेबांच्या लॉगिनला गेलं.’ साहेब समोरच्याच इमारतीत. तिथे गेलं की नायब तहसीलदार सांगतात, माझ्या लॉगिनला दिसत नाही. ते खोटं बोलत नसतात. अर्ज कुठल्या तरी मधल्या टप्प्यावर अडकलेला असतो आणि तो टप्पा कुणाच्याच खुर्चीसमोर नसतो.

शहरात हे सगळं आपण वेगळ्या तऱ्हेने सोसतो. पासवर्ड विसरला, कॅप्चातला आठ आहे की बी हे कळत नाही, बँकेचं ॲप अपडेट मागतं आणि अपडेट झालं की फोन जुना ठरतो. पण आपल्याकडे भाचा असतो. मध्यमवर्गीय मराठी घरातली सगळी डिजिटल क्रांती एखाद्या भाच्याच्या खांद्यावर उभी आहे आणि तो पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून रविवारी वेळ काढून ‘आत्या, आता खालच्या तीन टिंबांवर दाब’ असं सांगत असतो. ज्यांच्याकडे भाचा नाही, त्यांच्यासाठी सेतूवाला आहे, आणि तो दर अर्जामागे पैसे घेतो. ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेतो हेही सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यावर रागावणं सोपं आहे. पण सरकार आणि माणूस यांच्यात उरलेला, हाक मारता येईल असा तोच एक जण आहे.

आणि अंगठा? देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. ज्याच्याकडे ओळखीचा कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, ही कल्पना वाईट नव्हती. बोटावरच्या रेषा मात्र ज्या कामाने पोट भरतं त्याच कामाने झिजतात. वीटभट्टी, सिमेंट, चुना, उसाची मोळी, वर्षानुवर्षं घासलेली भांडी. वय झालं की कातडी कोरडी पडते, ठसा धूसर येतो. सरकारी योजनांसाठीच्या आधार पडताळणीत सुमारे १२ टक्के वेळा ओळख पटत नाही, असं खुद्द प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं. बाकीच्या ८८ मध्ये आपण असतो, म्हणून ही अडचण आपल्याला दिसत नाही.

महाराष्ट्रात रेशनची दुकानं पन्नास हजारांवर. ई-पॉस यंत्र आल्यावर दुकानदारांची हेराफेरी आटोक्यात आली, हे शिधापत्रिकाधारकही सांगतात; पूर्वी न उचललेलं धान्य परस्पर बाजारात जायचं. पण आजीचा अंगठा लागला नाही तर काय करायचं याचं उत्तर २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात आहे आणि दुकानदार ते वाचत नाही. वाचलं तरी वहीत लिहून दिलेल्या पोत्याचा हिशेब पुरवठा निरीक्षक त्याच्याकडून मागणार. म्हणून तो म्हणतो, ‘आजी, हात धुऊन या, तेल लावून बघू, नाहीतर उद्या सूनबाईला पाठवा.’

ई-पीक पाहणीची कहाणी लवकर सांगून टाकता येते. गाव नमुना बाराचा पिकाचा रकाना पूर्वी तलाठी भरायचा, पुष्कळदा घरी बसून. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून तो भरायचा. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची हा विचार चांगला. मग २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजार रुपये जाहीर झाले आणि अट आली: ई-पीक पाहणी केलेली असेल त्यालाच. शेतात कापूस होता, जिनिंगची पावती होती, सातबाऱ्यावर नोंद होती, पण ॲपमध्ये नव्हता. ओरड झाल्यावर अट सैल करावी लागली.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत हाच प्रवास फिरून झाला. २०२४ च्या पावसाळ्यात महिना १,५०० रुपयांसाठी आधी ॲप, मग संकेतस्थळ, मग अंगणवाडीत कागदी अर्ज. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या स्वतःच्या आधारवर ओटीपी, आणि त्यानंतर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. ज्यांचा नवरा वारला, वडील वारले, ज्या सोडून दिलेल्या आहेत, त्यांनी तो दुसरा ओटीपी कुठून आणायचा याचा विचार फॉर्म बनवताना कुणाला सुचला नाही. महाराष्ट्रात विधवा आणि परित्यक्ता बायका ही काही शोधून काढावी लागणारी गोष्ट नाही. याच योजनेच्या पात्रतेत त्यांची नावं घेऊन उल्लेख आहे. मुदत नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, अशा बायकांनी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत असं ठरलं. ई-केवायसी करताना फॉर्मवर चुकीचा पर्याय दाबला गेल्याने काही बायकांचे पैसे अडकले, तेव्हा प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करायची जबाबदारीही अखेर सेविकांकडेच आली.

या सेविकांना ऑनलाइन कामाचा अनुभव आहे. सरकारने २०१९ च्या सुमारास त्यांना एक लाखावर मोबाइल दिले होते. दोन वर्षांत ते फोन तापू लागले, अडकू लागले. पोषणाच्या नोंदींसाठी आलेलं केंद्राचं नवं ॲप त्यांवर चालेना, आणि ॲपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी मोबाइल वापसी आंदोलन केलं. राज्यात जागोजागी बालविकास प्रकल्प कार्यालयांत जाऊन त्यांनी फोन परत केले. ॲप मराठीत हवं म्हणून संघटना उच्च न्यायालयात गेल्या. फोन हातात नसताना बाळांची वजनं होतीच, गरोदर बायकांच्या नोंदी होत्याच. त्या रजिस्टरमध्ये लिहिल्या गेल्या. ‘लाडकी बहीण’चा अर्ज भरून दिल्याबद्दल त्यांना दर पात्र अर्जामागे ५० रुपये कबूल करण्यात आले होते. ते पैसे कधी मिळणार असं त्या पर्यवेक्षिकेला विचारत राहिल्या. पर्यवेक्षिका सांगे, प्रस्ताव वर गेलाय.